गिअर टाकताना करकर होते? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

मारेगाव, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात फिरलात तर एमएच-२९ पासिंगच्या कितीतरी जुन्या मारुती ८००, अल्टो, वॅगनआर आणि इंडिका अजून रोजच्या कामाला लागलेल्या दिसतील. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, इंडिका २०१८ मध्ये बंद झाली. पण गाड्या धावतायत. दहा-पंधरा वर्षं झालेल्या अशा गाडीची एक तक्रार ठरलेली असते. गिअर पडत नाही, पडलाच तर करकरत पडतो, किंवा पडल्यावर आपोआप सुटतो.

गाडी गॅरेजला नेली की पहिलं वाक्य येतं, "गिअरबॉक्स उतरवा लागते भाऊ." उतरवणं म्हणजे एक दिवसाची मजुरी तर गेलीच, शिवाय "आता खोललंच आहे तर" म्हणत क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग असा पूर्ण सेट बदलला जातो. बिल काही हजारांत जातं. कधी ते खरंच गरजेचं असतं. पण पुष्कळदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो: ताणली गेलेली क्लच वायर, झिजलेला प्लास्टिकचा बुश, कमी झालेलं ऑईल. ही कामं काही शे रुपयांची आहेत. दोष आत आहे की बाहेर, हे घरासमोर दहा-पंधरा मिनिटांत बऱ्यापैकी कळू शकतं. हत्यारं लागत नाहीत. फोन लागतो, तोही कशासाठी ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. "ओबीडी स्कॅनर लावला की सगळं ॲपमध्ये दिसतं ना?" असं बऱ्याच जणांना वाटतं. इंजिनाचं बरंच दिसतं. पण साध्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटरला कळेल असं जवळपास काहीच नसतं. आतली रिंग झिजली म्हणून डॅशबोर्डवर दिवा लागत नाही. इथे कान, हात आणि थोडं डोकंच वापरावं लागतं.

आत नेमकं काय करकरतं?

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा, कारण पुढच्या सगळ्या टेस्ट यावरच उभ्या आहेत.

आजच्या गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांचे मोठे दात एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा ते दात सरकत नाहीत. सरकते ती मधली एक बाही, म्हणजे स्लीव्ह. ती शेजारच्या गिअरच्या बारीक दातांवर जाऊन बसते आणि तो गिअर शाफ्टला जोडला जातो. अडचण एवढीच की स्लीव्ह एका वेगाने फिरत असते आणि गिअर दुसऱ्या वेगाने.

समजा गाडी ताशी ४० किलोमीटरने दुसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन ३,५०० आरपीएमवर आहे. त्याच वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन साधारण २,४०० वर यायला हवं. म्हणजे क्लच दाबल्यापासून गिअर पडेपर्यंतच्या त्या क्षणभरात आतल्या शाफ्टला हजारभर आरपीएम गमवावे लागतात. हे काम करते सिंक्रो रिंग. बहुतेक गाड्यांत ती पितळेची असते. ती गिअरवर घासून त्याचा वेग स्लीव्हच्या वेगाशी जुळवते आणि मग स्लीव्हला आत जाऊ देते. धावत्या एसटीत चढणारा माणूस आधी एसटीच्या वेगाने पळतो आणि मग दांडा पकडतो, तसंच. न पळता दांडा पकडला तर जे होईल, तेच गिअरबॉक्समध्ये झालं की करकर ऐकू येते. ही युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅकने पहिल्यांदा गाडीत बसवली. त्याआधीच्या ड्रायव्हरांना दर गिअरला दोनदा क्लच दाबून वेग स्वतः जुळवावा लागायचा.

आता महत्त्वाचं. सिंक्रो रिंग हे काम तेव्हाच करू शकते जेव्हा क्लच दाबल्यावर इंजिन पूर्ण सुटतं. क्लच अर्धवट सुटला तर इंजिन शाफ्टला फिरवतच राहतं, आणि एवढीशी रिंग अख्ख्या इंजिनाशी झगडते. आवाज येतो गिअरबॉक्समधून, गुन्हेगार असतो क्लच. वर्षभर असंच चाललं तर चांगली रिंगही खरंच झिजते. मग वायरीचं स्वस्त काम गिअरबॉक्सचं महाग काम होऊन बसतं. म्हणून उशीर करू नका.

पहिली टेस्ट: इंजिन बंद, मग इंजिन चालू

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. इंजिन बंद ठेवून क्लच पूर्ण दाबा आणि पहिल्यापासून शेवटच्या गिअरपर्यंत, मग रिव्हर्स, असे सगळे गिअर सावकाश टाकून बघा. एखादा गिअर अगदी तोंडाशी अडला तर घाबरू नका. उभ्या गाडीत कधीकधी दात समोरासमोर येतात. क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी वीतभर ढकला, तो पडेल.

मग इंजिन चालू करा. समोर आणि मागे दोन-तीन मीटर जागा मोकळी हवी, कुणी उभं नको, आणि पाय ब्रेकवर. पुन्हा तेच करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात किंवा करकरतात, असं असेल तर पहिला संशय क्लचवर घ्या. क्लच पूर्ण सुटत नाहीये. इंजिन बंद असतानाही लिव्हर जड जातो, अडखळतो, गिअर सापडत नाही, तर दोष लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडणीत आहे, किंवा क्वचित आतल्या फोर्कमध्ये. आणि दोन्ही वेळा उभ्या गाडीत सगळं ठीक, फक्त चालताना एकच ठरावीक गिअर करकरतो, तर त्या गिअरची सिंक्रो रिंग बघावी लागेल.

या एका टेस्टने निम्मं निदान होतं. गॅरेजवाला ती न करता थेट "उतरवा" म्हणत असेल तर त्याच्यासमोरच करून दाखवा. वाद घालायची गरज पडत नाही.

क्लच सुटतो का, याची खात्री

वरच्या टेस्टमध्ये क्लचवर संशय आला तर आणखी दोन गोष्टी करा.

इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. क्लच तळापर्यंत दाबा आणि मनात पाच आकडे मोजा. मग रिव्हर्स टाका. बऱ्याच छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो रिंगच नसते, त्यामुळे घाईत टाकला तर थोडी करकर होणं साहजिक आहे. पण पाच सेकंदांत शाफ्ट थांबायलाच हवा. तरीही करकरला, म्हणजे क्लच शाफ्टला ओढतोय. दुसरी खूण अशी की क्लच पूर्ण दाबलेला आहे, पहिला गिअर टाकलाय, ब्रेक सोडला आणि सपाटीवर गाडी हळूच पुढे सरकली. मग शंकाच उरत नाही.

आता क्लच का सुटत नाही? सगळ्यात आधी खाली वाका आणि पेडलच्या मागे चटई गोळा झालीय का बघा. हसू नका, जाड रबरी मॅट टाकल्यावर पेडल शेवटचे दोन सेंटिमीटर जातच नाही, असं होतं.

मग पेडल बोटाने दाबा. सुरुवातीला थोडं सैल जातं आणि नंतर जोर लागतो. त्या सैल भागाला फ्री प्ले म्हणतात. वायरवाल्या छोट्या गाड्यांत तो साधारण एक ते अडीच सेंटिमीटर असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. खूपच जास्त असेल तर पेडल तळाला टेकलं तरी क्लच पुरता सुटत नाही. वायरीच्या टोकाचा नट फिरवून हे जुळवता येतं. पाच मिनिटांचं काम आहे. फ्री प्ले अजिबात नसेल तर उलटा त्रास होतो, क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि घसरायला लागतो.

इथे फोन खरा कामाला येतो. बॉनेट उघडा. क्लच वायर गिअरबॉक्सवरच्या ज्या लोखंडी दांडीला जोडलेली असते ती शोधा. शेजारी शाळेतली पट्टी धरा, मित्राला इंजिन बंद ठेवून पेडल दाबायला सांगा आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. पेडल खाली गेलं तरी दांडी उशिरा हलते का, झटके देत सरकते का, अर्ध्यातच थांबते का, हे डोळ्यांना सुटतं पण स्लो मोशनमध्ये स्पष्ट दिसतं. वायर आतून तुटत आली असेल तर तिचे तारांचे धागे टोकाशी सुटलेले दिसतात. अशी वायर आज ना उद्या रस्त्यात तुटणारच, त्यामुळे लगेच बदला.

सगळ्या गाड्यांत वायर नसते. काहींत ब्रेकसारखं ऑईलवर चालणारं हायड्रॉलिक क्लच असतं. त्यात पेडल भराभर तीन-चार वेळा पंप करा. पंप केल्यावर गिअर सहज पडायला लागला तर लाइनमध्ये हवा शिरलीय किंवा सिलिंडरची रबरं गेलीत. ऑईलची पातळी बघा. ते कमी होत असेल तर कुठेतरी गळतंयच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बाजारपेठेत गाडी इंचाइंचाने पुढे काढावी लागते. जुन्या, पाणी शोषलेल्या ऑईलची खरी परीक्षा तेव्हाच होते. सकाळी ठीक आणि दुपारी पेडल मऊ, हे त्याचंच लक्षण.

वायर ठीक, फ्री प्ले ठीक, दांडी पूर्ण हलते, तरीही क्लच सुटत नाही. आता मात्र आतलं काम आहे: तापून वाकलेली प्लेट, थकलेली प्रेशर प्लेट. इथे गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही, कारण आता तुम्हाला कशासाठी उतरवतोय हे माहीत आहे.

एक वेगळा प्रकार आपल्या भागात बऱ्याचदा भेटतो. पोरगा पुण्याला नोकरीला, गाडी घरी. पावसाळाभर उभी, दिवाळीला चालू केली तर एकही गिअर पडत नाही. इंजिन बंद असताना सगळे पडतात. ओलाव्याने क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. प्लेट बहुधा चांगली असते, फक्त सुटत नाही. ती सोडवायच्या काही युक्त्या मेकॅनिकला माहीत असतात, पण त्यात गाडी अचानक झेप घेऊ शकते. व्हिडिओ बघून गल्लीत स्वतः करू नका.

क्लच घसरणं आणि क्लच न सुटणं, दोन वेगळे आजार

यात फार गोंधळ होतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडीचा वेग वाढला नाही, वर जळका वास आला, याला क्लच घसरणं म्हणतात. यात प्लेट झिजलेली असते. पण घसरणाऱ्या क्लचमुळे गिअर करकरत नाही. तुमची तक्रार फक्त करकरण्याची असेल आणि गाडी ओढ नीट घेत असेल, तर "प्लेट घासली" हे उत्तर लगेच मान्य करू नका. ओबीडी ॲपचा इथे थोडा उपयोग आहे. वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढताना वेगही त्याच प्रमाणात चढतो का, हे शेजारी बसलेल्याला बघता येतं. चालवणाऱ्याने बघायचं नाही.

लिव्हर सैल, गिअर सापडत नाही

लिव्हर पळीसारखा डब्यात फिरतोय, तिसरा टाकायला गेलं की पहिला पडतो, न्यूट्रलमध्येही लिव्हर एका बाजूला कलतो. हे आतलं दुखणं नसतं. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत काही गाड्यांत लोखंडी रॉड जातो, काहींत दोन केबल जातात. त्यांच्या सांध्यांत रबराचे किंवा प्लास्टिकचे बुश असतात. काळ्या मातीची धूळ आणि वणीकडच्या रस्त्यांवर कोळशाच्या ट्रकांचा बुकणा त्यात जाऊन बसतो आणि बुश खाऊन टाकतो. बुश बदलले की पंधरा वर्षांच्या गाडीचा लिव्हरही बराच घट्ट होतो. इतक्या कमी पैशांत इतका फरक पाडणारं दुसरं काम जुन्या गाडीत क्वचितच असेल.

इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या रबरी माउंटिंगवर बसलेले असतात तेही बघा. माउंटिंग फाटलं की इंजिन हलतं, त्याच्याबरोबर गिअरबॉक्स हलतो आणि लिव्हरही. बॉनेट उघडं ठेवून इंजिन चालू-बंद करतानाचा व्हिडिओ काढा. हलका झटका चालतो. इंजिन उडी मारत असेल तर माउंटिंग गेलं. ॲक्सिलरेटर सोडताक्षणी गिअर सुटण्यामागेही कधीकधी हेच कारण असतं.

एकच गिअर त्रास देतो

बाकी सगळं ठीक, पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना हमखास करकर. दुसरा गिअर सगळ्यात जास्त वापरला जातो आणि खाली येताना रिंगला शाफ्टचा वेग वाढवायचा असतो, म्हणून ती सहसा इथेच आधी झिजते.

पडताळणी जुन्या ड्रायव्हरांच्या पद्धतीने होते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास या. क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर किंचित दाबा, पुन्हा क्लच दाबून दुसरा टाका. वेग तुम्ही स्वतः जुळवलात, रिंगेला काम उरलं नाही. आता गिअर गुपचूप पडला तर क्लच ठीक आहे आणि दुसऱ्याची रिंग गेलीय. हे काम गिअरबॉक्स खोलूनच होतं. घाई नसेल तर सावकाश गिअर टाकत काही महिने काढता येतात, दामटून टाकत राहिलात तर बारीक दातही जातील आणि खर्च वाढेल.

गिअर आपोआप सुटणं मात्र पुढे ढकलू नका. माउंटिंग आणि जोडणी ठीक असूनही गिअर सुटत असेल तर आतले दात किंवा फोर्क झिजलेत. उतारावर गिअर सुटला की इंजिनाचा रोध एकदम जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. अशी गाडी करंजीला हायवेवर नेऊ नका.

ऑईल: विसरलेली गोष्ट

इंजिन ऑईल सगळे बदलतात, गिअर ऑईल कुणाच्या लक्षातही नसतं. गिअर ऑईल जळत नाही. म्हणजे कमी झालं असेल तर ते गळलंच आहे. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला किंवा ड्राइव्ह शाफ्ट जिथे गिअरबॉक्समध्ये घुसतो तिथे तेलकट धूळ दिसली तर ऑईल सील गेलंय. फोनचा टॉर्च लावून फोटो काढा, वाकून बघण्यापेक्षा सोपं. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका.

ऑईल काढल्यावर ड्रेन नटला करडी पेस्ट दिसली तर चिंता नको, ती नेहमीची झीज आहे. नखाएवढे तुकडे किंवा भरपूर पिवळी चमक दिसली तर आतलं काम निघालंय.

ऑईल विकत घेताना डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ लिहिलेलं असतं. पाच म्हणजे चारपेक्षा भारी, असं दुकानदारही सांगतो. जीएल-५ मुख्यतः मागच्या ॲक्सलच्या हायपॉइड गिअरसाठी असतं. सिंक्रो रिंगेला पकडायला थोडं घर्षण लागतं, पितळेला तिखट रसायनं चालत नाहीत, म्हणून पुष्कळ जुन्या गिअरबॉक्सना जीएल-४ च सांगितलेलं असतं. मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या. मॅन्युअल हरवलं असेल तर मॉडेल आणि वर्ष टाकून त्याची पीडीएफ फोनवर शोधा.

थंडीत सकाळी पहिले दहा मिनिटं दुसरा गिअर जड जातो आणि मग ठीक होतो, तर ऑईल जुनं, जाड किंवा चुकीचं आहे. आधी ते बदलून बघा.

आवाज कधी येतो?

न्यूट्रलमध्ये इंजिन चालू, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट, दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लचचं रिलीज बेअरिंग. फोनवर दोन्ही रेकॉर्ड करा आणि मध्ये "आता दाबला", "आता सोडला" असं बोला. नुसत्या घरघरीच्या क्लिपवरून कुणालाच काही सांगता येत नाही.

मेकॅनिकला काय पाठवाल?

"गिअर नीट पडत नाही" एवढ्यावर तो अंदाजच बांधणार. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर असं लिहा:

"भाऊ, २०११ ची अल्टो. इंजिन बंद असताना सगळे गिअर नीट पडतात. चालू केल्यावर पहिला आणि रिव्हर्स अडतो, पाच सेकंद थांबून टाकला तरी रिव्हर्स करकरतो. पेडलचा सैल भाग चार सेंटिमीटर आहे. चढावर ओढ ठीक, वास येत नाही. वायरीचा व्हिडिओ पाठवतोय. आधी वायर बघता का?"

हा मेसेज वाचून चांगला मेकॅनिक वायर घेऊनच येईल.

जुनी गाडी विकत घेताना हेच सगळं उलट्या बाजूने कामाला येतं. मालकाला सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. बॉनेटला हात लावून इंजिन गार आहे का बघा. काही जण गिअरबॉक्समध्ये जास्त जाड ऑईल भरून आवाज दाबतात. गार गाडीत तेच ऑईल गिअर जड करून चुगली करतं. मग फिरवून आणताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या, चौथ्यात ॲक्सिलरेटर दाबून एकदम सोडा आणि लिव्हरला हात न लावता गिअर टिकतो का बघा, शेवटी थांबून पाच मोजा आणि रिव्हर्स टाका. गाणी बंद ठेवा. विकणारा टेप चालूच ठेवायचा आग्रह करत असेल तर तो का, हे त्यालाच विचारा.